विमानाला भरवलेला पेढा

विमानात मी आयुष्यात एकदाच बसलो. जेमतेम सात मिनिटं. आता माझी नातवंडं ऊठसूट विमानानं जातात आणि खिडकीची जागा मिळाली नाही म्हणून घरी येऊन कुरकुरतात. मी काही बोलायला गेलो की म्हणतात, "आजोबा, तुम्हाला त्यातलं काय कळणार?" मला सगळं कळतं. विमान का पडतं हे तर मला त्यांच्या कंपन्यांमधल्या इंजिनियरांपेक्षा चांगलं कळतं, कारण एक मी स्वतः पाडलेलं आहे.

आमचं गाव निघोजे. आज तिथं कारखान्याला कारखाना चिकटलेला आहे. मी सांगतो आहे ते पन्नास सालानंतरच्या दहा वर्षांमधलं. तेव्हा खाली इंद्रायणीच्या काठाला मळे होते, वर उजाड माळ होता आणि माळावर मेंढरं होती. मी मॅट्रिक होऊन पुण्यात एका घड्याळजीच्या हाताखाली तीन वर्षं काढली होती. त्याच सुमाराला चिंचवडच्या बाजूला रंगाचा कारखाना काढलेल्या एका मालकांनी हौसेनं छोटं विमान घेतलं. दोन माणसांचं, एकामागे एक बसायचं, डोक्यावर छप्पर नाही. ते उतरवायला आमच्या माळावर लांबलचक पट्टा सपाट करून घेतला, पत्र्याची शेड ठोकली आणि तबकड्या सांभाळायला माझी नेमणूक केली. विमानात तबकड्या असतात, घड्याळातही तबकडी असते, तेव्हा घड्याळवाला चालेल, असा मालकांचा सरळ विचार. महिन्यातून एकदा पुण्याहून एक जाणकार इंजिनियर यायचे, त्यांनी मला शिकवलं. मी पटकन शिकलो. इतका पटकन, की गावात लोक मला नुसतं ‘मिस्त्री’ म्हणायला लागले आणि मी चालतानासुद्धा जरा ताठ चालायला लागलो.

सगळ्या तबकड्यांमध्ये माझी लाडकी वेगाची. वरच्या-खालच्या पंखांना जोडणाऱ्या खांबाला, उभ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, पुढे तोंड केलेली एक बारीक नळी असायची. विमान धावलं की समोरचा वारा त्या नळीत शिरायचा आणि त्याच्या दाबानं वैमानिकापुढचा काटा वेग दाखवायचा. नळी बुजली की काटा मेला. म्हणून रोज संध्याकाळी मी तिला कापडी टोपी घालायचो आणि सकाळी काढायचो. ‘नळीत काहीही जाता कामा नये’ असं शेडच्या दारावर खडूनं ठळक लिहून ठेवलं होतं. माझ्याच अक्षरात.

विमान चालवणारे साहेब पुण्याचे. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, पण शिस्त अशी की शेडमध्ये शिंकायच्या आधीसुद्धा विचारावंसं वाटे. उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारून प्रत्येक स्क्रू हातानं चाचपायचे. त्या वर्षी मुंबईच्या एका मोठ्या विमान कंपनीत त्यांची निवड झाली होती. दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं. अट एकच, तोपर्यंत त्यांच्या चुकीनं झालेला एकही अपघात नावावर नको. वडील नव्हते, पाठची दोन भावंडं शिकत होती, सगळं घर त्या नेमणुकीकडे डोळे लावून होतं. ते पत्र साहेब कायम वरच्या खिशात ठेवायचे आणि कुणी बघत नाहीसं पाहून वाचायचे. मी बघायचो.

मग दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे नांगर, कुळव, कोयता, सगळं पुजतात. कारखान्यात यंत्रांना हार घालतात. मग विमानानंच काय पाप केलं होतं? साहेबांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण ते म्हणाले, "पूजा कर. पण जे जे लावशील ते ते उतरवायची जबाबदारी तुझी." मी रीतसर यादी केली. हार, नारळ, गंध, हळदीकुंकू, लिंबू, उदबत्त्या, आपट्याची पानं. पूजा झाल्यावर यादी हातात धरून एकेक वस्तू उतरवली, तबकड्यांवरचं गंध पुसलं, नारळाची शेंडीसुद्धा चाकाखालून वेचली. यादीत सात गोष्टी होत्या आणि सातही उतरल्या.

आठवी गोष्ट आईनं लावली होती.

आई गावातून चालत आली होती, पदराखाली चाकणच्या हलवायाचे पेढे घेऊन. तिनं विमानाला ओवाळलं, मग पेढा हातात घेऊन भोवती हिंडली. म्हणाली, "ह्याचं त्वांड कुठं हाय?"

इथं गप्प बसलो असतो तर पुढचं काही झालं नसतं. पण मी पडलो मिस्त्री. मी नळी दाखवून म्हणालो, "हे बघ, हे त्याचं तोंड. इथून ते वारा पितं."

"सनासुदीला नुसता वारा?" आई म्हणाली. "काय रं तुमी लोकं!" आणि तिनं पेढा नळीच्या तोंडाला लावून अंगठ्यानं आत दाबला. जसा लेकराला घास भरवावा तसा. मला खूप हसू आलं. नंतर तारेनं काढू असं मनाशी म्हणालो आणि त्याच क्षणी साहेबांनी हाक मारली, "मिस्त्री, चल, बस पुढे. एक चक्कर मारू. तुलाही दसरा."

दोन वर्षं मी त्या विमानाच्या तबकड्या पुसत होतो आणि दोन वर्षं मला कुणी ‘बस’ म्हणालं नव्हतं. पुढच्या जागेवर मी कसा चढलो मला आठवत नाही. तार विसरलो, पेढा विसरलो, आईला जातो म्हणून हातसुद्धा केला नाही. साहेबांनी नेहमीची फेरी मारली, पण यादी माझ्या हातात बघून ती जरा भरभर मारली. तेवढाच एक दिवस त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला.

शेडच्या राखणदारानं विमानाच्या नाकावरच्या पंख्याला हातानं झटका दिला आणि आम्ही धावलो. पट्ट्यावर मेंढरं आडवी येतील म्हणून साहेबांची नजर समोर होती. चाकं सुटली. खाली आमचं गाव दिसायला लागलं, नदी दिसली, आमच्या घराच्या पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या दिसल्या. लांब पिंपरीकडे नव्या कारखान्यांची धुराडी दिसली. मी आनंदानं ओरडत होतो, पण वाऱ्यात माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

बोलायला आमच्या दोघांच्या मध्ये एक रबरी नळी होती. तिच्यातून साहेबांचा आवाज आला. "तुझ्या पुढचा वेगाचा काटा काय दाखवतो?"

मी बघितलं. "काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"शून्य."

"माझाही शून्यच आहे." मग जरा वेळानं, "मिस्त्री, नळीची टोपी काढली होतीस ना?"

मी मान वळवून पंखाच्या खांबाकडे पाहिलं. टोपी काढलेली होती. नळीच्या तोंडावर पिवळसर पेढा चप्प बसला होता आणि त्यावर आईच्या अंगठ्याचा ठसा इतका स्पष्ट होता, की तलाठ्यालासुद्धा चालला असता.

"टोपी काढलीय," मी म्हणालो. शब्दन्‌शब्द खरा होता. एवढं खोटं मी जन्मात बोललो नाही.

वेग न कळता विमान उतरवणं म्हणजे काय, ते सांगतो. वेग फार कमी झाला तर विमान दगडासारखं खाली येतं. काटा असला की वेग हवा तितका कमी करता येतो. काटा नसला की शहाणा माणूस वेग जास्तच ठेवतो. साहेब शहाणे होते. आम्ही पट्ट्यावर टेकलो ते गाडी सुटल्यासारखे. पट्टा संपला, आम्ही संपलो नाही. बांध ओलांडला, माझ्या चुलत्याच्या कांद्याच्या वाफ्यांमधून सरळ रेषेत गेलो आणि त्याच्या बाजरीच्या वैरणीच्या गंजीत नाकानं घुसलो. शेपूट वर, आम्ही खाली. मला जेवढे देव आठवत होते तेवढ्यांना मनात हाका मारून झाल्या होत्या आणि मी दुसरी फेरी सुरू केली होती.

मला खरचटलंसुद्धा नाही. तोंडात वैरण तेवढी भरली होती. साहेबांचा डावा हात मोडला. त्या हाताकडे ते बघतसुद्धा नव्हते. वारा अडवायची फुटकी काच बाजूला सारून काट्याकडे बघत होते. चुलता काठी टेकत आला. आम्ही जिवंत आहोत असं दिसल्यावर त्याला राग यायला मोकळीक मिळाली. "आमी चार दिस घाम गाळून गंजी रचली. एवढा माळ पडलाय, तुमाला दुसरीकडं जागा न्हाई गावली?" म्हणाला.

तपासणी अधिकारी मुंबईहून यायचे होते. तोवर विमानाला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम आला आणि गावचे पोलीस पाटील गंजीजवळ खाट टाकून बसले. दुसऱ्या दिवशी मी लांबून पाहिलं तर पंखाच्या खांबावरून काळ्या मुंग्यांची रांग लागलेली होती. वर जाणारी मोकळी, खाली येणारी भरलेली. पाचव्या दिवशी अधिकारी आले. उंच, वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी नळीला रबर लावून फुंकर मारली. काटा टुणकन उठून उभा राहिला. तीनदा मारली, तीनदा उठला. नळी आतून बाहेरून लख्ख. मुंग्यांनी वेलदोड्याचा दाणासुद्धा ठेवला नव्हता.

"काटा तर उत्तम आहे," अधिकारी साहेबांना म्हणाले. "आपण उड्डाण करताना काट्याकडे पाहिलं होतं का?"

"तो शून्यावर होता."

"आत्ता नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. मग ते माझ्याकडे वळले. "हा पुढे बसला होता. यानंही पाहिलंय."

अधिकाऱ्यांनी मला विचारलं. आणि मी म्हणालो, "मी डोळे मिटले होते."

आज इतकी वर्षं झाली, पण हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. काटा शून्यावर होता म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ‘का’ असा आला असता. नोकरीची भीती होतीच. पण घरी दुसरंच चाललं होतं. आई त्या दिवसापासून गावभर सांगत हिंडत होती, की तिनं स्वतःच्या हातानं विमानाला पेढा भरवला म्हणून दोघं जीव वाचले. बायका तिच्या पाया पडून जात होत्या. त्या बाईला जाऊन काय सांगू? तुझ्याच पेढ्यानं विमान पाडलं म्हणून? मोडका हात गळ्यात, चांगला हात खिशातल्या पत्रावर, असे साहेब बांधावरून निघून गेले. त्यांच्या चालण्यात नेहमीची शिस्त नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली आणि चाकणच्या सरकारी बंगल्यावर गेलो. अधिकारी दाढी करत होते.

"साहेबांची चूक नाही," मी म्हणालो. "नळीत पेढा होता."

वस्तरा थांबला. "काय होता?"

"पेढा. मी घातला. उदबत्ती वाऱ्यानं पडत होती, तिला टेकू म्हणून."

आईचं नाव मी काढलं नाही. अधिकाऱ्यांनी अर्धा साबण तसाच ठेवून मला नखशिखान्त न्याहाळलं. "शेडच्या दारावर ‘नळीत काहीही जाता कामा नये’ असं कुणी लिहिलंय?"

"मीच."

"आणि पेढा?"

"दसरा होता."

त्यांचा विश्वास बसला नाही. माझे आणि साहेबांचे संबंध चांगले आहेत, मी त्यांना वाचवायला बनाव रचतो आहे, असं ते म्हणाले. मी म्हणालो, डोळे मिटले होते हे काल खोटं बोललो, पेढा खरा आहे. ते म्हणाले, काल खोटं बोललेल्या माणसाचं आज खरं कसं मानायचं? हे मला पटलं. मला रडू यायला लागलं आणि मी चिडून म्हणालो, "मग पुन्हा घालून बघा ना!"

तर त्यांनी खरंच बघितलं. त्या अधिकाऱ्यांबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. त्याच हलवायाकडून पेढे आणवले. सगळ्यांसमोर मी एक नळीत दाबला. आईनं दाबला होता तसाच, अंगठ्यानं. अधिकाऱ्यांनी रबराच्या नळीतून फुंकर मारली. काटा ढिम्म. पुन्हा मारली, गाल फुगले, डोळे लाल झाले, काटा जागचा हलला नाही. मग त्यांनी झाडाखालची खुर्ची उचलून विमानाजवळ ठेवायला सांगितली, छत्री उघडली आणि मुंग्यांची वाट बघत बसले.

तीन दिवस ते रोज येऊन तिथं बसले. दर तासाला वहीत काहीतरी टिपायचे. गावातली माणसं कामं टाकून बांधावर उकिडवी बसली. माझ्या चुलत्यानं बाजारात जाऊन सांगितलं, की सरकारनं आमच्या गावाला मुंग्या राखायला मोठा साहेब धाडलाय. आईनं घरी बसून त्याचा अर्थ एवढाच लावला, की तिच्या पेढ्याचा गुण आता सरकारसुद्धा पारखून बघतंय. उरलेल्या पेढ्यांचा पुडा खुर्चीखाली होता. दुसऱ्या दिवशी दुपारी अधिकाऱ्यांनी इकडेतिकडे बघून त्यातला एक तोंडात टाकला. मी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. तपास नीट चालू होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नळी पुन्हा लख्ख झाली. अधिकाऱ्यांनी फुंकर मारली आणि काटा उठला. कुणीतरी टाळी वाजवली. वैमानिक साहेब तिन्ही दिवस लांब बाभळीखाली उभे होते. त्यांनी टाळी वाजवली नाही, की माझ्याकडे पाहिलं नाही. अहवालात लिहिलं, की वैमानिक निर्दोष आहे आणि जमिनीवरच्या नोकराच्या हलगर्जीपणामुळे यंत्रात खाद्यपदार्थ राहिला. मालकांनी मला त्याच दिवशी कामावरून कमी केलं. ते बरोबरच होतं. मी घरी सांगितलं, विमान मोडलं, आता तबकड्याच नाहीत तर मिस्त्री कशाला? आईनं ते मानलं.

दिवाळीच्या आधी दोन दिवस साहेब आमच्या दारात उभे राहिले. मुंबईला निघाले होते. अपघातानंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, तेव्हा ते मला चार शब्द सुनवायलाच आलेत असं मी धरून चाललो आणि ऐकून घ्यायची तयारी केली. आईनं त्यांना घोंगडीवर बसवलं, चहा ठेवला. प्लास्टर घातलेल्या हाताकडे बघत ती हळहळली. मग हसून म्हणाली, "पर लेकरा, हातावर निभावलं बग. तुमच्या विमानाला मी सोता पेढा भरवला व्हता. पार आतपत्तुर, ह्या अंगठ्यानं. म्हनून तर वाचलासा दोघंबी."

साहेबांनी चहाची बशी खाली ठेवली. आईच्या अंगठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. साहेबांची शिस्त मला ठाऊक होती. चूक दिसली की बोलून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे आणि ही तर त्यांचा हात मोडणारी चूक होती.

"हो आई," ते म्हणाले. "त्यामुळेच वाचलो." आणि प्लास्टरचा हात सांभाळत, वाकडे होत, त्यांनी तिच्या पायाला हात लावला.

मी त्यांना सडकेपर्यंत सोडायला गेलो. वाटेत ते म्हणाले, "तपासणीच्या पहिल्या दिवशी तू डोळे मिटले होते म्हणालास ना, ते मी तुला कधी माफ करणार नव्हतो."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"पण तुझ्या आईच्या जागी माझी आई असती तर मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही."

एवढंच बोलले. मग त्यांनी चांगला हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि पुण्याची गाडी येईपर्यंत सोडला नाही.